आईनं शिवलेली पिशवी

बालवाडीतून आलेल्या कागदावर पिशवीचं चित्र होतं. रुंदी चाळीस सेंटिमीटर, उंची तीस, पट्टे इतकेच लांब की मुलानं हातात धरल्यावर पिशवी जमिनीला टेकू नये. चित्राखाली जपानीत एक ओळ होती. नवऱ्यानं ती दोनदा मनात वाचली आणि मग मराठीत सांगितली. पिशवी शक्यतो आईनं स्वतः शिवावी, म्हणजे घरापासून लांब असताना मुलाला आधार वाटतो.

मी विचारलं, "आणि बापानं काय करावं, तेही लिहिलंय का?"

तो हसला नाही. त्या दिवसांत आमच्या घरात कुणीच हसत नव्हतं.

कावासाकीच्या त्या दोन खोल्यांत आम्हाला दोन वर्षं होत आली होती. ठरलं होतं तेवढंच. पुण्यात लक्ष्मी रोडच्या मागच्या एका बोळात माझं पर्सचं दुकान होतं. माझं म्हणजे माझंच, त्यात सासरचा किंवा माहेरचा रुपया नव्हता. फूटपाथवर घडीचं टेबल मांडून सुरुवात केली होती, आणि कारागिरांशी, घाऊकवाल्यांशी भांडत भांडत ते टेबल एका लहानशा गाळ्यात नेलं होतं. जपानला निघताना गाळ्याला कुलूप घातलं, ते परत येऊन उघडायचं म्हणूनच. पण जानेवारीत नवऱ्यानं करारावर आणखी तीन वर्षांसाठी सही केली आणि संध्याकाळी घरी येऊन मला सांगितलं. आधी सही, मग सांगणं. गाळ्याच्या मालकाला आणखी तीन वर्षं थांबायचं नव्हतं. मी त्याच्याशी फोनवर इतकी भांडले की टेलिफोन कार्ड बोलता बोलता संपलं, आणि गाळा गेला.

परत गेलो असतो तर मुलीला इथल्या बालवाडीत घालायची वेळच आली नसती. म्हणून तो कागद पाहून माझं डोकं फिरलं.

"तुम्ही सही केलीत, तुम्हीच शिवा," मी म्हटलं.

"अगं, तू तर जन्मभर पर्सच विकल्यास."

"विकल्या. शिवल्या नाहीत."

खरंच होतं ते. पर्स उलटी करून आतली शिलाई पाहिली की कोणत्या कारागिराच्या हातची आहे, हे मी सांगू शकत असे. पण सुईत दोरा ओवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ते काम करणारी माणसं होती आणि त्यांच्याकडून ते करून घेणारी मी होते.

मुलगी चार वर्षांची. घरात दिवसभर बडबड, बाहेर पडली की तोंडाला कुलूप. बागेत बाकीची मुलं तिला काहीतरी विचारायची, ती नुसती बघत राहायची, मग मुलं निघून जायची. एक मुलगी मात्र जायची नाही. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. दोघी वाळूत खड्डे खणायच्या, आणि खड्डे खणायला भाषा लागत नव्हती. एप्रिलपासून तीही त्याच बालवाडीत जाणार होती. माझी मुलगी रोज विचारायची, "आई, ती असेल ना तिथे?" असेल, असं मी सांगायची. ती नसली तर ही त्या वर्गात वर्षभर मुकी बसेल, हे मला दिसत होतं. मला बाकी कशाची भीती नव्हती.

त्या मुलीची आई माझ्याच वयाची, मऊ बोलणारी. पिशवी शिवायला घेतली आहे, अस्तरही लावते आहे, असं तिनं बागेतल्या बायकांना माझ्यासमोर सांगितलं. मला तिथेच मार्ग सापडला. दुसऱ्या दिवशी माझ्या बाजारी जपानीत मी तिला म्हटलं, माझीही शिवून द्या, पैसे देते.

ती हसली आणि म्हणाली, "ते जरा कठीण आहे."

अवघड आहे, परवडत नाही, जमणार नाही, हे शब्द मी आयुष्यभर ऐकले होते. आमच्या धंद्यात बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. मी भाव वाढवला. ती पुन्हा म्हणाली, कठीण आहे. मी म्हटलं, कापड मी आणते. मग म्हटलं, एक शिवता आहातच, त्याबरोबर दुसरी म्हणजे कितीसं जास्तीचं काम? आणि अस्तर लावायचं नसेल तर भाव थोडा कमी करू. तिचा चेहरा लाल झाला. तिनं दोनदा वाकून माफी मागितली, मुलीला वाळूतून उठवलं, तिच्या हातांची वाळू झटकली आणि निघून गेली. त्यानंतर त्या दोघी बागेत आमच्या वेळेला आल्या नाहीत.

नवरा म्हणाला, "इथे कठीण आहे म्हणजे नाही."

"मग नाही म्हणायला तिची जीभ झडली होती?"

"तिनं पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. तू तिला चार वेळा म्हणायला लावलंस."

मुलगी वाळूच्या कडेवर बसून आमच्या इमारतीच्या जिन्याकडे बघत राहायची. मी तिला ओढून घरी आणायची आणि मशीनवर बसायची. मशीन जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं होतं. तिथेही मी घासाघीस केली, आणि दुकानदारानं प्रत्येक वेळी तीच किंमत तितक्याच नम्रपणे सांगितली. शेवटी माझ्या चिकाटीला कंटाळून त्यानं दोऱ्याच्या सहा बॉबिन फुकट दिल्या.

पहिली पिशवी मी कागदावरच्या मापाची कापली, चाळीसला चाळीस आणि तीसला तीस. शिलाईसाठी कडेला जादा कापडाची माया ठेवायची असते हे मी इतरांना शेकडो वेळा ऐकवलं होतं. "माया कमी ठेवली, टीप उसवणार," म्हणून कारागिरांचे भाव पाडले होते. स्वतः कापताना ते डोक्यात आलंच नाही. शिवून झाल्यावर पिशवीत चित्राची वही वाकडी करून घालावी लागली.

दुसरीला माया ठेवली. जाड कापड, पांढरे ससे, मुलीनंच निवडलेलं. लांब पट्टी कापली, मधोमध दुमडली, दोन्ही बाजूंना टीप मारली. पट्टे लावताना चार पदरांतून सुई जाईना. मी रागानं पायाखालचं पेडल दाबलं, सुई मोडली आणि तिचा तुकडा कपाळावर उडाला. नवी सुई घालून कसंबसं पुरं केलं आणि पिशवी मुलीच्या हातात दिली. तिनं एक बाजू पाहिली, फिरवून दुसरी पाहिली.

"आई, इकडचे ससे पडले."

मधोमध दुमडल्यावर मागच्या बाजूचे सगळे ससे डोक्यावर उभे राहिले होते. हजारो पर्स या हातांखालून गेल्या होत्या, पण चित्राच्या कापडाला तळाशी जोड द्यावा लागतो, हे कधी लक्षात आलं नव्हतं. मी पिशवी भिंतीवर फेकली. मुलगी रडली नाही, तिनं ती उचलून आणली आणि माझ्या शेजारी ठेवून दिली. मग मी पूर्ण दुपार उसवत बसले.

तिसरी जमली. एक पट्टा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आणि तळाची टीप नागमोडी, पण ससे दोन्हीकडे सरळ उभे.

प्रवेशाच्या दिवशी बालवाडीच्या ओसरीत प्रत्येक मुलाच्या नावाखाली खुंटी होती. मुलांच्या आया पिशव्या टांगत होत्या आणि एकमेकींच्या शिलाईचं कौतुक करत होत्या. खालच्या मजल्यावरचीही होती. आम्हाला पाहून तिनं मान लववली आणि आपल्या मुलीला पलीकडच्या बाजूला नेलं. माझी मुलगी हाक मारायला पुढे झाली आणि तोंड मिटून उभी राहिली.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी तिच्या मुलीच्या खुंटीशी गेले आणि तिथली पिशवी हातात घेतली. धंद्याची सवय, ती उलटी करून पाहिली. आतल्या कडांना कारखान्याचं ओव्हरलॉक, दोरे सुटू नयेत म्हणून मारलेली जाळीदार शिलाई. पट्ट्यांच्या मुळाशी घट्ट, एकसारखे टाके, जे घरच्या मशीनवर निघतच नाहीत. आणि अस्तरात वरच्या बाजूला चार बारीक भोकं, लेबल उसवून काढल्याची. पिशवी विकतची होती.

मान वर केली तेव्हा ती माझ्या हातांकडे बघत होती. शेजारची एक बाई तिला म्हणत होती की तुमची शिलाई किती नीट आहे. ती म्हणाली, छे, तसं काही नाही. तेव्हा मला कळलं की बागेत ती माझ्या पैशांमुळे लाल झाली नव्हती. तिला शिवताच येत नव्हतं.

गप्प राहता आलं असतं. पण वाळूच्या कडेवर बसलेली मुलगी डोळ्यांपुढे होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "फारच सुंदर. मशीन कोणतं तुमचं?"

ती अगदी हळू म्हणाली, "जुनं आहे."

मी पिशवी पुन्हा खुंटीला लावली, भोकं आतल्या बाजूला राहतील अशी. तिनं तेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलीला घेऊन जिन्याखाली उभी होती. एकत्र जाऊया का, असं तिनं विचारलं. मुली हात धरून पुढे पळाल्या. मग रोज तसंच. नवरा म्हणाला, "बघ, माणसं चांगली असतात. तू उगाच चिडतेस." मी त्याला काही सांगितलं नाही.

मेअखेरीस मुलगी बाहेरही बोलू लागली, निम्मं मराठी, निम्मं जपानी, आणि मैत्रिणीला ते सगळं समजायचं. मागून तिची आई आणि मी चालायचो. शिवणाचा विषय निघाला की ती आधी माझ्याकडे बघायची. मी काहीही बोलले तरी ती सगळ्यांआधी हसायची, आणि पाऊस असो वा ऊन, ठरल्या वेळेला जिन्याखाली असायची. कुणाला सांगणार नाही, एवढं वाक्य मी जपानीत जुळवून ठेवलं होतं. दोनदा ते ओठांवर आलं. दोन्ही वेळा मी पुढे चाललेल्या मुलींकडे पाहिलं. शेजारी चालणाऱ्या हिला भीती राहिली नाही तर उद्या ही जिन्याखाली उभी असेल का, याची मला खात्री नव्हती. मी ते वाक्य बोलले नाही.