गोंदलेल्या हाताकडचं बटण

“एकपन धवला नाय यान! सगला रिकामा हाय! काय केलात तुमी?”

घरमालकीण मावशींची सून माझा लॅपटॉप हातात धरून अशी ओरडत होती की मांडवाच्या केळी थरथरल्या. खाडीतले मासेही तळाला गेले असणार. आदल्याच दिवशी तिच्या लेकीचं लग्न लागलं होतं. मावशी धवलारीण. लग्नाच्या एकेका विधीला त्यांचं एकेक गाणं, तो धवला. घसा बसत चालल्याने बाहेरची बोलावणी त्यांनी सोडली होती. घरातल्या या शेवटच्या लग्नातले धवले नातीसोबत सासरी जावेत, म्हणून रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मी लिहून दिलं.

मावशींना अक्षरओळख नाही. गाणं संपलं की पडद्यावर चौकट यायची: डावीकडे ‘ठेवा’, उजवीकडे ‘पुसा’. महिनाभर सराव केला. तोही ओव्यांवर, कारण लग्नाविना धवला तोंडातून काढायचा नाही अशी रीत. मावशींच्या डाव्या मनगटावर तुळस गोंदलेली. “गोंदलेल्या हाताकडचा बटन,” त्यांनी पाठच करून टाकलं. एकदाही चुकल्या नाहीत.

मग मी हुशार झालो. पनवेलपासून द्रोणागिरीपर्यंत माझ्याइतकी बटणांची जाण कुणाला नाही, असं मी टपरीवर सांगत असे. मुख्य बटण उजवीकडे शोभतं, असं कुठेतरी वाचलं आणि हळदीच्या आदल्या दिवशी अदलाबदल करून टाकली. ‘नक्की पुसायचं?’ हा प्रश्नही काढला. दिसायला बोजड वाटत होता. मावशींना सांगायचं कशाला? ठळक अक्षरांत लिहिलं होतं की!

दोन दिवस मावशी गात होत्या. प्रत्येक धवल्यानंतर हळदीचं बोट पदराला पुसून डावीकडचं बटण दाबत होत्या. मी समोर जिलेबी खात पाहुण्यांना सांगत होतो, बघा, आमची करामत.

सुनेच्या हातून लॅपटॉप घेऊन मी त्याची आतडी बाहेर काढायचीच काय ती बाकी ठेवली. काही सापडलं नाही. ‘ठेवा’ दाबल्याशिवाय काहीच साठवायचं नाही, अशी काटकसरही माझीच.

मावशी मांडवाची सुकलेली पानं उतरवत होत्या. मी जवळ गेलो. “मावशी, एकदाच पुन्हा गा. या वेळी बटण मी दाबतो.”

त्यांनी मान वर केली नाही.

“आता घरान लगीन नाय कोनाचा.”