मी खातो

“शुद्ध बोलता येत नसन त चूप राहा, पण गावाची लाज काढू नोका.”

जानकीबाई हे वाक्य आयुष्यात एकदाच बोलली. जून संपत आला होता, शाळेचा पहिला दिवस होता, आणि ती पहिलीच्या वर्गाच्या दारात हातात सराटा, खिचडी हलवायचं उलथनं, घेऊन उभी होती. बोललेलं बहुतेक हवेत विरून जातं, तसंच हेही जाईल असं तिला वाटलं असावं. पण एखादं वाक्य लहान मुलाच्या अंगावर गोंदणासारखं उतरतं. गोंदणारी आपली सुई उचलून पुढच्या गावाला जाते, तिला काय त्याचं.

मोहाडीपासून दोन कोसांवर, धानाच्या बांध्यांनी चारी बाजूंनी वेढलेलं ते गाव. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथीची, खोल्या दोन, मुलं तेवीस, आणि मागे टिनाच्या छपराचं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात जानकीबाई अठरा वर्षं मुलांची खिचडी शिजवत आली होती. घर कोष्ट्याचं. नवरा नंदलाल अजून मागावर बसायचा. गावात आता तीनच माग उरले होते आणि त्यांतला एक त्याचा होता. जानकीबाईला वाचता येत नव्हतं. पण कोणत्या मुलाच्या घरी काल चूल पेटली नाही, कोण रुसून आलंय, कोणाला ताप आहे, हे तिला ताट पुढे करताना हातावरून कळायचं. शाळा तिला आपलीच वाटे. म्हणूनच तर सगळं बिघडलं.

त्या वर्षी नव्या भरतीत साधना मॅडम आल्या. कोल्हापूरकडच्या, पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, मोहाडीत खोली करून राहिलेल्या. शाळा समितीचे अध्यक्ष श्यामराव म्हणजे गावातले बऱ्यापैकी शेतकरी. त्यांनी हार-नारळ देऊन स्वागत केलं. मग मॅडमनी पहिलीच्या मुलांना विचारलं, घरी काय काय खाता?

श्यामरावांचीच मुलगी गुड्डी उठली. सहा वर्षांची, कावळ्याशीसुद्धा गप्पा मारणारी पोर.

“मी भात खातो, मॅडम. अन् सांबाराची चटणी खातो.”

“सांबाराची चटणी?” मॅडमना हसू आलं. त्यांच्याकडे सांबार इडलीबरोबर वाटीत येतं. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांना कोण सांगणार? हसत हसतच, अगदी मायेनं त्या म्हणाल्या, “आणि बाळा, ‘खातो’ मुलगे म्हणतात. मुली ‘खाते’ म्हणतात.”

त्याच खोलीत तिसरीची मुलं बसत. मागून कोणीतरी ओरडलं, “गुड्डी पोट्टा हाय!” आणि वर्ग खदखदला.

गुड्डीनं दाराकडे पाहिलं. दारात जानकीबाई होती. तिनं जन्मभर ‘मी खातो, मी जातो, मी निजतो’ म्हटलं होतं. तिची आई तेच म्हणायची, आजी तेच. या मुलखातल्या कोणा बाईला त्यामुळे आपण पुरुष झालो असं कधी वाटलं नव्हतं. पण त्या क्षणी जानकीबाईला वाटलं, आपल्या लुगड्याला मागून भोक आहे आणि ते परक्या बाईनं पाहिलं. त्या लाजेतून ते वाक्य निघालं. पोरांना दटावलं आणि ती चुलीकडे गेली.

गुड्डी खाली बसली. त्यानंतर ती शाळेत बोलली नाही.

आधी ते फारसं कोणाच्या लक्षातही आलं नाही. जुलैत रोवणी लागली, बायाबापे चिखलात उतरले, निम्मी मुलं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लहान भावंडं सांभाळत बसली. जी वर्गात यायची ती गप्पच असत. मॅडम विचारायच्या आणि मुलं पायाच्या अंगठ्याकडे पाहायची. मॅडमना वाटलं वर्ग मठ्ठ आहे, मग वाटलं आपणच मठ्ठ आहोत. रोवणी आटोपल्यावर त्यांनी पालकांची सभा घेतली आणि सरळ सांगून टाकलं, “तुमचे शब्द मला कळत नाहीत, माझे मुलांना कळत नाहीत. रोज कोणीतरी वर्गात येऊन बसा.”

म्हातारे गोमाजी म्हणाले, “मॅडम, आमी कधी शाळेची पायरी नाई चढलो. आता मास्तर बनवता का जी आमाले?”

“हो. बनवते.”

“मंग पगार?”

“जानकी मावशींची खिचडी.”

सभा हसली आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी गोमाजीच हजर झाले, हातात पऱ्ह्याची जुडी घेऊन. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, हे मुलांनी मॅडमना शिकवलं. ‘रोप’ कसं लिहायचं ते मॅडमनी मुलांना शिकवलं. नंदलालनं मागावरचं उरलंसुरलं सूत आणून दिलं. दहा-दहा धाग्यांच्या जुड्या बांधून मुलं दशक-एकक शिकली. कोणाची आई जात्यावरचं गाणं सांगून गेली, कोणाचा काका तलावातल्या मासोळ्यांची नावं. दसऱ्यापर्यंत पहिलीची मुलं अक्षराला अक्षर लावू लागली. वर्ग गजबजला.

गुड्डी तेवढी गप्प. वहीत सगळं लिहायची, बेरीज सगळ्यांआधी करायची, आणि वाच म्हटलं की ओठ आवळून उभी राहायची.

“घरी त दिवसभर कावकाव करते,” श्यामराव म्हणायचे. “शाळेत पाय ठेवला का इले का होते, समजत नाई.”

जानकीबाईला समजत होतं. पहिल्या आठवड्यातच समजलं होतं. तिनं चुपचाप उपाय सुरू केले. वर्गाच्या मागे बसून स्वतः शुद्ध भाषा शिकायला घेतली. आपल्याला आली की पोरीला देऊ. ‘तो’च्या जागी ‘ते’ म्हणायचं, एवढंच तर आहे. मग तिनं सगळ्याच ‘तो’ला ‘ते’ केलं.

“मॅडम, पाऊस येते. सिलिंडर येते. मंग श्यामराव येते.”

“श्यामरावांच्या मिसेस येतात का, मावशी?”

“नाई जी. श्यामरावच येते.”

घरी नंदलालनं तिची पुरती फिरकी घेतली. “मीबी जेवते का मंग? का उपाशीच राहाते?” ती चिडून म्हणाली, “रहा उपाशी.” पण ‘रहाते’ की ‘रहातो’ यात तिचा जीव अडकलाच.

गुड्डीला ती चुलीपाशी बसवून घ्यायची. “म्हण ना वो माय, ‘मी खाते.’ माह्याजवळ म्हण, कोणी ऐकत नाई.” गुड्डी तिच्याकडे पाहायची. ज्या माणसानं तोंड बंद करायला सांगितलं तेच आता उघडायला सांगतंय, यातलं कोणतं खरं, असा काहीसा प्रश्न त्या डोळ्यांत असे. जानकीबाई नजर चुकवून खिचडीचा गंज, ते मोठं पातेलं, घासू लागे.

दिवाळी झाली आणि गावात मंडई, म्हणजे दरवर्षीची जत्रा, भरली. दुकानं, रहाटपाळणे, संध्याकाळपासून दंडारीचं नाचगाणं. साधना मॅडमही मोहाडीहून आल्या. पाळण्याखाली उभ्या असताना वर ओळखीचा चेहरा दिसला आणि अनोळखी आवाज आला, “मी नाई घाबरत! मी आखीन वरी जातो! तू रड!”

गुड्डी आपल्या मावसभावाला चिडवत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वयंपाकघरात आल्या. “मावशी, गुड्डी काय सुंदर बोलते हो! मग शाळेत का नाही?”

हीच वेळ होती. जानकीबाईनं तांदळातला खडा वेचला, मग नसलेला खडा वेचला, आणि म्हणाली, “लाजते, जी.”

मॅडम गेल्या. माणूस खोटं बोलतं तेव्हा समोरच्याला फसवल्याचं त्याला फारसं काही वाटत नाही. आपण स्वतः मात्र थोडं आकसतो. त्या दिवशी जानकीबाईला आपलंच स्वयंपाकघर परकं वाटलं.

संक्रांतीनंतर श्यामरावांनी ठरवून टाकलं. परीक्षा झाली की गुड्डीला जवाहरनगरला मामाकडे ठेवायचं. मामा तिथल्या कारखान्यात, सरकारी क्वार्टर. “तेथले पोरं शुद्ध बोलते. त्यायच्यात राहीन त हेबी बोलन.” गुड्डीची आई चंद्रकला पाण्याला आली तेव्हा जानकीबाईपाशी रडली. “आतापर्यंत माह्या कुशीत निजते, आजी. सहा वर्साची पोर मी कशी धाडू?”

जानकीबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, हा हात हिनं झटकून टाकायला पाहिजे.

त्या संध्याकाळी तिनं नंदलालला सगळं सांगितलं. माग थांबला. त्यानं हातातला धोटा उलटसुलट करून पाहिला.

“चुकीचा धागा पडला,” तो म्हणाला, “त कोष्टी का करतो?”

“उसवतो.”

“कोठवरी?”

“चूक हाय तेथवरी.”

“मंग? तू त सात महिने त्याच्यावरच विणून राहिली.”

सकाळी ती चूल न पेटवता मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. शुद्ध-अशुद्धाचा विचार न करता बोलली. पोरीला चूप मीच केलं, मंडईच्या वक्ताले तुमाले खोटं सांगतलं, आता ते पोर माह्यापायी गाव सोडून चालली.

साधना मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. “सुरुवात माझी आहे, मावशी,” त्या म्हणाल्या. “पुस्तकातलं ‘खाते’ तिला कधीतरी शिकवायचंच होतं. पण तिच्या आईचं ‘खातो’ चुकीचं आहे, असं मी भर वर्गात सांगून बसले. इथे बायकाही ‘खातो’च म्हणतात, हे मला ठाऊकच नव्हतं.” मग, “पण हे मला सांगून काय होणार? सांगायचं तिला. चूप सगळ्यांसमोर केलं ना आपण दोघींनी?”

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. मॅडमनी आयांना बोलावलं. प्रत्येकीनं उभं राहून आपला दिवस सांगायचा, मुलांनी ऐकायचा. श्यामराव समितीचे म्हणून खुर्चीवर, चंद्रकला इतर बायांत. दोघी-तिघी बोलल्या. पदर तोंडाशी धरून, मॅडमकडे बघत, एकेक ‘ते’ चाचपडत. मग जानकीबाईचं नाव आलं.

ती फळ्याजवळ उभी राहिली. ज्या वर्गाला अठरा वर्षं वाढलं तो वर्ग समोर होता आणि आज हातात सराटा नव्हता.

“मी पायटी, अंधारातच उठतो,” ती म्हणाली.

बायांत चुळबूळ झाली. एकीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, ‘मी उठतो’. त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, ‘मी उठते’. “पहिलं आपल्या घरचं,” त्या म्हणाल्या, “दुसरं पुस्तकाचं. वर्गात दोन्ही चालतील. बोला, मावशी.”

“गुड्डी,” जानकीबाई म्हणाली. “तुले मीनं चूप राहा म्हटलं होतं. या दारात. ते माहं चुकलं. तुहं काई चुकलं नोहोतं, माय.”

श्यामराव खुर्चीत ताठ झाले. चंद्रकला एकटक बघत राहिली. गुड्डीनं मान खाली घातली. आता थांबून चालणार नव्हतं, म्हणून जानकीबाईनं पुढे आपला दिवस सांगायला घेतला. नजर मात्र त्या खाली घातलेल्या मानेवरच होती, आणि जीभ आपल्या वाटेनं चालली.

“मंग शाळेत येतो. तांदूळ धुतो. गंज ठेवतो, तेल टाकतो, मंग मीठ टाकतो, मंग डाळ टाकतो, मंग...”

“नाई!”

सगळा वर्ग वळला.

“मीठ आखरीले टाकते तू!” गुड्डी उभी राहिली होती. चेहरा लाल, भुवया आक्रसलेल्या. बाकी काहीही सहन करता आलं असतं, पण एवढं धडधडीत चुकीचं नाही. “डाळ शिजल्यावर टाकते! मी रोज पाहातो!”

तिसरीतल्या एकाचं तोंड उघडलं. शेजारच्यानं त्याच्या मांडीवर चापट मारली. कोणी हसलं नाही.

“मग आधी काय टाकते आजी, गुड्डी?” मॅडमनी विचारलं, जणू ही पोर रोजच बोलते.

“आधी जिरं. मंग कांदा. कांदा लाल होऊ द्या लागते. मंग हळद, अन् तिखट जरासंच टाकते, लहान पोरं रडते म्हणून. मंग सांबार...” गुड्डी फळ्यापाशी आली. हात हवेत हलत होते, कांदा कापत होते, गंज ढवळत होते. आठ महिन्यांचं साठलेलं एकमेकांवर आदळत बाहेर येत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. श्यामरावांनी डोक्यावरची टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली. मग चंद्रकलेकडे वाकून हळू म्हणाले, “तुह्या भावाले फोन कर. सांग, नाई धाडत आमी.”

चंद्रकलेनं डोळ्यांना पदर लावला.

जानकीबाई अजून फळ्याजवळच उभी होती. मॅडम तिला काही म्हणणार होत्या, पण गुड्डीनं त्यांचा हात धरून ओढला, कारण डाळ अजून शिजायची होती आणि मॅडमचं लक्ष नव्हतं. जानकीबाईनं पदर खोचला. मांडी घालून बसलेल्या मुलांमधून, कोणाच्या बोटांवर पाय पडू नये म्हणून लुगडं जरा वर धरून, ती दारापर्यंत आली. आणि चूल पेटवायला बाहेर गेली.