ताईबाईने सोडलेलं भरीत

पाचोऱ्याच्या आसपास भरीत म्हटलं की ताईबाई. लग्न कुणाचंही असो, वांगी भाजायला हाक तिलाच. कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी वांगी टाकायची, आणि जवळ कुणी लुडबुड केली की उलथनं उगारायचं. तोंडाने फटकळ, पण हाताला चव अशी की रुसून बसलेला पाहुणाही दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. अशा बाईने एके दिवशी भरीत करणं सोडलं ते सोडलंच. बायका विचारून विचारून थकल्या. "नाही जमत आता," एवढंच उत्तर. जमत नाही म्हणे! आणि हिला?

झालं होतं ते असं. तिचा नवरा अभिमनआबा मुतखड्याच्या कळांनी गडबडा लोळायचा. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. जळगावच्या डॉक्टरांनी रंगाचा फोटो सांगितला. म्हणजे शिरेतून औषध टोचायचं, ते किडनीत उतरलं की एक्स-रे काढायचा. आदल्या रात्री हलकं खा, सकाळी उपाशी या, असं चांगलं बजावलं होतं. पण उद्या दिवसभर पोटात काही नाही, अन् आज नुसत्या पातळ भातावर माणसाला कसं झोपवायचं? ताईबाईला राहवेना. तिने आबाला भरीत-भाकरी वाढली, नको नको म्हणताना आणखी वाढली. आता बोला!

दुसऱ्या दिवशी औषध शिरेत गेलं आणि बघता बघता आबाच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घशातच अडकला. एकच धावपळ उडाली. इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठे आबा माघारी आला. त्या गडबडीत तिथल्या एका माणसाने विचारलं, "रात्री काय खाल्लं होतं?" ताईबाईने खरं ते सांगून टाकलं.

"वांगं? वांगं खाऊ घालून आणतात का इथं? मारायचं होतं का नवऱ्याला?"

तो आपला वैतागून बोलला आणि दुसऱ्या पेशंटकडे वळला. संध्याकाळपर्यंत विसरलाही असेल मेला. ताईबाईच्या काळजात मात्र ते शब्द रुतून बसले.

आबाने तिला कधी बोल लावला नाही. भावकीत कुणी विषय काढलाच तर म्हणायचा, "सुई पाहून चक्कर आली, दुसरं काय!" लोक हसायचे, हा हसू द्यायचा. बायकोचं नाव निघू नये म्हणून चांगला धट्टाकट्टा गडी स्वतःला भित्रा म्हणवून घ्यायचा. खडा पुढे आपसूक पडून गेला. पण तो जितका गप्प, तितकी ही आतून जळायची. त्याच्या ताटात काही वाढताना तिचा हात जरासा थबकायचा, आणि हे त्या घरात कुणाला दिसलंही नाही.

सात-आठ वर्षं अशीच गेली. मग एकदा लेकीकडे धुळ्याला मुक्कामाला असताना आबाला पुन्हा तीच कळ उठली. जावयाने दवाखान्यात नेलं. पुन्हा रंगाचा फोटो. आबाला टेबलावर झोपवलं, डॉक्टरांनी सिरिंज भरून हातात घेतली आणि विचारलं, "हा फोटो पूर्वी काढला होता का, आबा?"

"हो. जळगावले."

"तेव्हा काही त्रास झाला? खाज, गांधी, दम लागणं? काही लपवू नका."

आबाने भिंतीकडे पाहिलं. "काहीच व्हयनं नही, साहेब."

ताईबाई दाराशी उभी होती. हा खोटं का बोलतोय हे तिला त्याच क्षणी उमगलं. शेजारी जावई उभा, नर्स उभी. सांगावं तर आपल्या हातचं खाऊन नवरा मरता मरता वाचला, हे जावयासमोर कबूल करायचं!  पण डॉक्टर आबाच्या दंडाला पट्टा बांधू लागले, तशी ती पदर सावरायचंही भान न ठेवता आत घुसली.

"थांबा! खोटं बोली ऱ्हायनात हे! झालं होतं. श्वास अडकला होता, ओठ सुजले होते. मीच भरीत खाऊ घातलं होतं आदल्या रात्री. माझीच चूक. पण सुई नका टोचू!"

डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. त्यांचा चेहराच उतरला होता.

"बाई, भरताने नाही झालं ते. या औषधाने झालं. हे काही जणांना सोसत नाही. आज पुन्हा दिलं असतं तर कदाचित आबा हाती लागले नसते." मग जावयाकडे वळून म्हणाले, "यांना हे औषध पुन्हा कधी द्यायचं नाही. आपण सोनोग्राफी करू."

बाहेर बाकावर दोघं बसली, जावई जरा बाजूला उभा राहिला. ताईबाईला आधी आला तो संताप.

"माझं नाव राखायला जीव द्यायला निघाले होते का?"

आबा ओशाळला. "चार मानसांत तुले कोनी बोललं असतं..."

 मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे मी नव्हतं मारलं तुम्हाला?"

"अवं, कोन म्हने असं?"

"मीच," ती म्हणाली. "रोज."

 आबाने धोतराचा सोगा उचलला आणि भर दवाखान्यात, जावयादेखत, बायकोचे डोळे पुसायला लागला.