हळदीकुंकवातला प्रश्न

शेजारच्या सुलभाकाकूंचं गेल्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकीला कुंकू लावताना एकच प्रश्न विचारत होत्या.

"पाळी गेल्यावर परत कधी डाग दिसला का गं?"

"सुलभा, सणासुदीला काय हे," कुणीतरी हसलं.

"मग कधी विचारू? एरवी तुम्ही सगळ्या एकत्र सापडता कुठे? मी वेळेत डॉक्टरकडे गेले, म्हणून आज तिळगूळ वाटतेय."

मी कोपऱ्यात बशी धरून बसले होते. महिन्यापूर्वी आईच्या परकरावर मी डाग पाहिला होता आणि मुकाट्याने मशीन लावलं होतं. शाळेत गर्भाशयाची आकृती काढून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते, पण आईला एक साधा प्रश्न विचारता आला नव्हता. काकू तोच प्रश्न हळदीच्या बोटाइतक्या सहजपणे घरभर फिरवत होत्या.

त्यांचं बोट आईच्या कपाळावर टेकलं. आई हसली नाही.

"दोनदा," ती हळूच म्हणाली.

"उद्या दहाला तयार राहा. मी येते बरोबर."

मी बशी खाली ठेवली. "मीपण येते," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.