दोरीवरची अक्षरं

"विश्वनाथराव, उज्जैनला गेलं की माणूस दिलेला शब्द विसरतो की काय? तुमच्या अक्षरांचा तक्ता अजून आलेला नाही. खुशाली नंतर कळवा, आधी तक्ता पाठवा."

एवढं लिहून बालवाडीच्या कमलिनीबाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर पिपलानीच्या कारखाना-वसाहतीची दुपार पेंगत होती आणि बालवाडीची पाटी डुलत होती. पाटी भिंतीला पक्की ठोकलेली. डुलत होती ती अक्षरं.

विश्वनाथराव इथल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर नकाशांवर ताठ, शिस्तीतली अक्षरं लिहायचे. संध्याकाळी ब्रश हातात आला, की शिरोरेषा क्वार्टरमागच्या वाळणाच्या दोरीसारखी मधेच झोल खायची आणि अक्षरं तिला ओल्या कपड्यांसारखी लोंबायची. 'ब' पोट सोडून झोपलेला, 'ल' वाऱ्यावर गिरकी घेतलेला. गणपतीची कमान असो की स्कूटर स्टँड, टाउनशिपभर त्यांचाच हात. बालवाडीच्या दारात भोकाड पसरलेली पोरं पाटीकडे बघता बघता आत कधी शिरायची, त्यांनाही कळायचं नाही. ही अक्षरं त्यांना आधी झोपेतच भेटली असणार, असं बाईंना वाटे.

विश्वनाथराव निवृत्त होणार, क्वार्टर सोडणार, हे कळलं तशा बाई हादरल्या. माणूस गेला की नव्या रंगाखाली पाट्याही जाणार! त्यांनी तडक शहरात जाऊन इतवाऱ्यातला छापखाना गाठला.

"बहनजी, पूरी वर्णमाला एक कागज़ पर बनवा लाइए," छापखानेवाला म्हणाला, "टाइप ढलवा देंगे."

टाइप म्हणजे छपाईचे शिशाचे खिळे; ते एकदा ओतले की ती अक्षरं जन्मभर छापता येणार होती. पण विश्वनाथराव 'क'पाशीच अडले.

"बाई, कुठला 'क' काढू?"

"कुठला म्हणजे? 'क' काढा, 'क'!"

"कमळातला 'म'शी गप्पा मारतो. काकडीतले दोघं एकमेकांना कोपरानं ढोसतात. एकटा काढला, की बापडा साहेबापुढे उभा राहिल्यासारखा दिसतो."

"दिसू दे! शिल्लक तर राहील?"

"तेच कळत नाही," ते हसून म्हणाले, "राहील तो तोच असेल का?"

बाई चिडल्या. पण कागदावरचा एक 'क' तळ्यात पाय सोडून बसला होता, आणि बघता बघता बाईंच्याही पायांना गार पाणी लागलं. भांडायचं राहून गेलं. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा विश्वनाथराव म्हणाले, "तक्ता उज्जैनहून पाठवतो. दिवाळीत येतो, दोघं मिळून छापखान्यात जाऊ."

पत्राचं उत्तर आलं ते जाडजूड पाकीट. आत नुसते 'क'. आळसावलेले, रुसलेले, पतंगामागे धावणारे. सोबत एक ओळ: "बाई, यातला एक तुम्हीच निवडा."

"ही काय थट्टा?" म्हणत बाईंनी एक उचलला. शेजारचा लगेच एकटा पडला. तो ठेवून दुसरा घेतला. तिसऱ्यानं मान वळवली. बाईंनी चष्मा पुसला, सगळे पुन्हा जवळ जवळ मांडले आणि बघत बसल्या.

दिवाळी आली, गेली. विश्वनाथराव आले, चहा पिऊन गेले. इतवाऱ्याला जायचं नाव दोघांनीही काढलं नाही.