मोहरीएवढे छर्रे

काकांच्या खुराड्यातून पहिल्यांदा ‘ठप्’ असा आवाज आला, तेव्हा मी हातातली वांगी टाकून माझ्याच गाडीखाली शिरलो. कॅनडातल्या लंडनला येऊन वीस वर्षं झाली होती, पण शहराबाहेर अर्धा एकर घेऊन राहायला लागून चारच दिवस. बायको डेकवरून सगळं बघत होती, हे नंतर कळलं.

शेजारचे काका कुंपणाशी आले आणि वाकून म्हणाले, “अहो, उंदीर माझ्याकडं आहेत. तुम्ही कशाला बिळात शिरताय?”

काका कोल्हापूरकडचे, रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, पंच्याहत्तरीचे, एकटे. बारा कोंबड्या, ठमी नावाची म्हातारी मांजर आणि लायसन्सची पॉइंट टू-टू रायफल, एवढा संसार. काडतुसं बोटाच्या पेराएवढी, आत गोळीऐवजी मोहरीएवढे छर्रे. छर्ऱ्यांनी पत्र्याला भोक पडत नाही आणि आठ-दहा फुटांपुढे जोर राहत नाही. “जवळ जायचं, नाहीतर घरी जायचं,” हे काकांचं ठरलेलं वाक्य. खुराड्यात शिरण्याआधी दारावर काठी आपटायची, “ठमे, बाहेर हो!” म्हणायचं, ती बाहेर आल्यावरच काडतूस भरायचं. यात कधी फरक नाही.

मी एकदा विचारलं, “काका, त्यापेक्षा विष का नाही टाकत?”

“छर्रा आठ फुटांवर थांबतो. विष कुठं थांबंल, सांगा बघू.”

भाद्रपदात आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. पाहुणे दचकतील म्हणून मी काकांना म्हटलं, “तेवढे पाच दिवस ठप्‌ठप् नको. उंदीर म्हणजे बाप्पाचं वाहन.”

“मग वाहन नीट पार्क करायला सांगा की त्यांना,” काका म्हणाले. पण रायफल ठेवून दिली.

तिसऱ्या दिवशी वाहन आमच्या गॅरेजमध्ये, तांदळाच्या पोत्यावर पार्क झालेलं दिसलं. आता काकांकडे कुठल्या तोंडाने जायचं? मी गुपचूप दुकानातून विषाच्या वड्या आणल्या आणि पोत्यामागे सरकवल्या. बायकोलाही सांगितलं नाही. आवाज नाही, रक्त नाही, आणि मी आरतीला वेळेवर हजर.

विसर्जनानंतर आठवड्याभराने काकांनी हाक मारली. ठमी खुराड्याच्या दाराशी आडवी पडली होती, नाकातून रक्त. तिच्या केसांत बोटं घालून काका छर्ऱ्याची जखम शोधत होते. सापडत नव्हती.

“परवा एक उंदीर मारला,” ते म्हणाले. “हिला आधी बाहेर काढली होती का नाही, आठवतच नाही हो.”

तुम्ही म्हणाल, तिथेच सांगून टाकायचं. मला वाक्यही सुचलं होतं. पण मी फावडं आणलं आणि खड्डा खणू लागलो. खणणाऱ्या माणसाला बोलावं लागत नाही.

त्यानंतर काकांनी हात समोर धरून ते थरथरतात का, हे बघायची सवय लावून घेतली. गॅस बंद केला का, हे मला कुंपणावरून विचारू लागले. जणू ते मला माहीत असणार! ऑक्टोबरात रायफल पोलिसांकडे जमा केली, कोंबड्या वाटून टाकल्या आणि ब्रॉसार्ड नावाच्या दूरच्या शहरात लेकीच्या कॉन्डोत राहायला गेले. मार्चमध्ये तिचा फोन आला, काका गेले म्हणून.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती.

मग म्हणाली, “काका आले होते मला विचारायला. ‘वहिनी, तुमच्याकडं उंदराचं विष आहे का हो? रागावणार नाही, फक्त सांगा,’ म्हणाले. मी म्हटलं, छे हो काका, आमचे हे असलं काही घरात आणणार नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रायफल देऊन टाकली.”