डाव्या हाताची साक्ष

चोपड्याकडच्या आमच्या मंडळीत दर रविवारी साक्ष देतात. उभं राहायचं, माइक हातात घ्यायचा आणि येशूने आपल्याला कुठल्या चिखलातून ओढून काढलं ते सगळ्यांना सांगायचं. रीत चांगली आहे. पण माणसाच्या हातात पडली की चांगल्या रीतीचीही माती होते. आमच्याकडे नुसता पापांचा बाजार भरायचा. एकाने रोज अर्धी बाटली प्यायचो म्हणून सांगितलं, की पुढच्या रविवारी दुसऱ्याची पूर्ण व्हायची. एका बाईने सासूला उपाशी ठेवल्याची साक्ष दिली. सासू पहिल्या रांगेत, चांगली गलेलठ्ठ, आणि तीच सगळ्यात मोठ्याने हालेलुया म्हणत होती!

या सगळ्या ढोंग्यांचा बाप मी. जन्मात दोनदा दारू प्यालो, दोन्ही वेळा लग्नात, आणि दोन्ही वेळा ओकलो. माइकवर मात्र मी गटारात लोळायचो, पत्ते कुटायचो, बायकोला मारायचो. बायको बायकांत बसून पदरात तोंड खुपसायची. लोकांना वाटायचं, बिचारी रडते. कसली रडते! हसू दाबत होती. घरी आल्यावर म्हणायची, "मला कधी मारलंत हो? मारून दाखवा ना एकदा."

बाहेरगावचे पाळक आले की मलाच उभं करायचे. माझी साक्ष छपरावरच्या भोंग्यातून पार शिवारात जायची, आणि मी कोंबड्यासारखी मान ताठ करून खाली बसायचो.

खरं पाप वेगळंच होतं. आमच्या शेताला लागून नानांचं शेत. नाना म्हणजे माझ्या वडिलांच्या वयाचा, देवभोळा, माळकरी माणूस. हातभर बांधावरून आमचं वाजलं आणि चार माणसांत त्यांनी मला खोटारडा म्हटलं. झोंबलं मला. नानांकडचे सगळे घर बंद करून धुळ्याला लग्नाला गेले, त्या दुपारी मी कोयता घेऊन त्यांच्या बागेत शिरलो आणि दीडशे केळी आडव्या केल्या. घड भरत आले होते. केळीचं खोड एका घावात पडतं, त्याला मर्दुमकी लागत नाही. अंगरख्यावर चिकाचे काळे डाग पडले, पण आमच्या भागात केळीच्या डागाशिवाय सदरा असतो कुठे? कुणी विचारलंसुद्धा नाही.

पण मला झोप येईना, अन्न गोड लागेना. त्याच तळमळीत मी येशूकडे गेलो, हे मात्र खरं. रडून क्षमा मागितली, बाप्तिस्मा घेतला. आणि मग काय केलं? देवाला सांगितलं ना, मग झालं, अशी स्वतःची समजूत घातली आणि माइकवर दारूची गोष्ट रचली. केळी सोडून सगळं कबूल करत सुटलो. लाज कशी वाटली नाही, देव जाणे. बारा वर्षं हे चाललं.

मग एका रविवारी आमचे पाळकसाहेब सरळच बोलले, "ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जायला पाय उचलत नसेल, तर इथे येऊन गुडघे झिजवू नका." मला वाटलं, बोट माझ्याकडेच आहे. त्या दिवशी मी माइक घेतला नाही. उठलो आणि थेट नानांच्या मळ्यात गेलो. ते बांधावर बसून कोयत्याला धार लावत होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता हा कोयता माझ्यावर पडला तरी चालेल.

नानांनी मान वर केली नाही. "माले माहीत शे," म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिनपासून. खोडस्ना बठ्ठा काप उलटा उतरना व्हतात. गावमा डावखुरा तू एकलाच."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असा तिरस्कार मी पुन्हा कुणाच्या डोळ्यांत पाहिला नाही, आणि मी त्याच लायकीचा होतो.

"तुन्हा भोंगा मन्हा मळामा ऐकू येस," ते म्हणाले. "बारा वरीस ऐकी रायनू. दारू, पत्ता, बायको. म्हंतलं, आज तरी केळी निंघी. निंघनीच नही."

मी मान खाली घालून परतलो. पुढच्या रविवारी माइक घेतला आणि केळीचं सांगितलं. दारू खोटी होती, तेही सांगितलं. कुणी हालेलुया म्हटलं नाही. पुढच्या रांगेतली सासू तोंड वाकडं करून बसली. बायको तेवढी त्या दिवशी खरोखर रडली. मी खाली बसलो तेव्हा बारा वर्षांत पहिल्यांदा छातीत मोकळा श्वास गेला.

घरी जाताना नाना बांधावर उभे होते. मी नजर चुकवून पुढे निघालो.

"आज ऐकू उनं," मागून आवाज आला. मी थांबलो.

"सकाय मन्ही केळीनी कटाई शे. तुन्हा कोयता लई ये."